रमाईंचे उपास

माता रमाईंच्या त्यागाविषयी आपण ७ फेब्रुवारीला आणि २७ मेला पुष्कळ ऐकतो. त्यांनी गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी दिवस काढले, बाबासाहेबांच्या शिक्षणाला आड आल्या नाहीत, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्या श्रद्धेचा विषय निघाला की आपले वक्ते चटकन पुढे सरकतात. रमाई उपास करीत, विठ्ठलाला मानीत, हे सांगताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. का व्हावे? पाच लेकरांची आई होती ती माउली. त्या उपासांचे कारण त्यांच्या घरातच पाहावे लागेल.

दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. आई रुक्मिणी लवकर गेली, मागोमाग वडीलही गेले आणि पोरकी भावंडे नातलगांबरोबर मुंबईला आली. भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकाने उठल्यावर, नऊएक वर्षांच्या रमाचे भीमरावांशी लग्न लागले.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंत जन्मला. दोन महिने होत नाहीत तोच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सासरे रामजीबाबा वारले. त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले तेव्हा यशवंत सहासात महिन्यांचा होता. त्याची प्रकृती तोळामासा. वडील परतले १९१७ साली, आणि १९२० ते १९२३ पुन्हा लंडनला होते. परळच्या चाळीतल्या दोन खोल्या, त्यात आप्तांचा संसार, आणि आजारी लेकरू मांडीवर. पुढे गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही मुले झाली. एकही हाती लागले नाही. गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते, रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, अशी हकिगत आपल्या वस्त्यांत आजही सांगतात.

हे एकाच घराचे दुर्दैव समजू नका. १९२१ सालच्या मुंबईच्या नोंदीत दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावलेली दिसतात. त्यांत गिरणी कामगारांच्या खोल्यांतली किती असतील ते सांगायला नको. पेनिसिलीन मिळू लागायला अजून वीसेक वर्षे होती. पोर तापाने फणफणले की डॉक्टरचेही हात टेकत, मग आईने काय करायचे? ती उपास धरी. आईला उपाशी राहणे तेवढे परवडते.

राजरत्न हे शेवटचे अपत्य, दोघांचाही फार लाडका. जुलै १९२६ मध्ये तोही गेला. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात तीन मुलगे आणि एक मुलगी गमावलेला बाप दिसतो. रमाईंचे दुःख कागदावर आलेच नाही, म्हणून ते कमी होते असे कोणी समजू नये. आठ महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला, तो याच घरातून.

रमाईंना पंढरपूरला जायचे होते. बाबासाहेबांनी नेले नाही. जिथे आपल्या माणसाला दाराबाहेर चोखोबाच्या समाधीशी थांबावे लागते तिथे जायचे कशाला, आपण सेवेने आणि शुद्ध आचरणाने आपले दुसरे पंढरपूर उभारू, अशी त्यांची समजूत त्यांनी घातली. ते मंदिर अस्पृश्यांना उघडले १९४७ साली. इथे बाबासाहेबांनी पत्नीच्या श्रद्धेची टवाळी केली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. मी स्वतः वर्गातल्या एका आजारी मुलाच्या गळ्यातला ताईत पाहून त्याच्या आईला चार शब्द सुनावले होते. डॉक्टरला दाखवले का, हे मात्र विचारले नाही. त्याची लाज अजून वाटते. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन आली तेव्हा तथागतांनी तिला हाकलले नव्हते. मोहरी आणायला पाठवून तिला स्वतःच्या पायांनी सत्यापर्यंत चालू दिले होते.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी कराव्यात असा ठराव आला. बाबासाहेबांचे भाषण त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडले. ठराव फेटाळला गेला. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचा देह कसा झिजतो, हे लिहिताना बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे परळची ती खोली नसेल, असे मला तरी वाटत नाही.

रमाई तेव्हा नव्हत्या. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांनी डोळे मिटले. धर्मांतराची येवल्याची घोषणा झाली १३ ऑक्टोबरला. बुद्धाची वाट त्यांच्यासमोर आलीच नाही. जी आली त्या वाटेने त्या शेवटपर्यंत निष्ठेने चालल्या.

आणि ज्याच्यासाठी त्या जिवाचे रान करीत, तो नाजूक यशवंत जगला. १९५६ नंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्याने वाहिली. दादरच्या समुद्रकाठची चैत्यभूमी उभी राहिली त्याच्याच खटपटीने. १७ सप्टेंबर १९७७ रोजी भैय्यासाहेब गेले, तेव्हा ते ६४ वर्षांचे होते.