आपल्या भाषेचा वकील

मोहनदास करमचंद गांधी हे नाव आज साऱ्या जगाला ठाऊक आहे; परंतु वयाची तेवीस वर्षे पुरी झाली, तेव्हा त्यांना राजकोटाबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. १८९१ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन ते स्वदेशी परतले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिलाच खटला चालवावयास ते उभे राहिले आणि त्यांचे अवसान गळाले. साक्षीदाराला एक प्रश्नदेखील त्यांना विचारवेना. घेतलेले तीस रुपये परत करून ते न्यायालयाबाहेर पडले. पुढे राजकोटास राहून लोकांचे अर्ज लिहून देणे हाच त्यांचा उद्योग झाला. अशा या तरुणाला सातासमुद्रांपलीकडून बोलावणे येईल, असे कोणाला वाटले असते?

परंतु १८९३ साली तसे बोलावणे आले. पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांची दादा अब्दुल्ला आणि कंपनी या नावाची मोठी पेढी दक्षिण आफ्रिकेत होती. प्रिटोरिया येथील तय्यब हाजी खानमहंमद या व्यापाऱ्यावर तिने चाळीस हजार पौंडांचा दावा लावला होता. तय्यब शेठ हे दादा अब्दुल्लांचे नातलगच होते. खटल्यासाठी नामांकित युरोपियन वकील नेमलेले होते. मग राजकोटच्या अननुभवी बॅरिस्टराची गरज का पडावी?

याचे उत्तर पेढीच्या वह्यांत होते. साऱ्या व्यवहाराचा जमाखर्च आणि बराचसा पत्रव्यवहार गुजरातीत होता. गोऱ्या वकिलांना त्यातले अक्षरही वाचता येत नव्हते. अब्दुल्ला शेठ मोठे व्यवहारचतुर. पण शिक्षण बेताचे आणि इंग्रजी कामचलाऊ. मनातील बारीकसारीक गोष्ट वकिलाच्या गळी उतरवणे त्यांना कठीण जाई. अशीलापाशी पुरावा होता, वकिलापाशी कायदा होता. परंतु दोहोंमध्ये भाषेची भिंत उभी होती. ही भिंत ओलांडून देणारा माणूस शेठजींना हवा होता. एक वर्षाची मुदत, एकशे पाच पौंड मेहनताना आणि पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे, अशा अटी ठरल्या व मे १८९३ मध्ये गांधीजी दरबान बंदरात उतरले.

दोन-तीन दिवसांतच शेठजी त्यांना तेथील न्यायालय दाखवण्यास घेऊन गेले. न्यायाधीशाने त्यांना डोक्यावरील पागोटे काढावयास सांगितले. गांधीजींनी नकार दिला व ते तेथून निघून आले. पुढे प्रिटोरियास जात असता, पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असूनही, मारित्झबर्गच्या स्थानकावर त्यांना गाडीतून ढकलून देण्यात आले. थंडीने कुडकुडत ती रात्र त्यांनी स्थानकावरच काढली. परत मायदेशी जावे, की आपले कर्तव्य पार पाडावे, याचा विचार त्यांनी त्या रात्री केला आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या प्रवासास निघाले.

खटल्याचा अभ्यास आरंभला तेव्हा आपल्याला हिशेबातले काहीच कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. पी. नोट म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक नव्हते. शब्दकोशात तो शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी पेढीवरील कारकुनालाच अर्थ विचारला. न जाणणे यात लाज नाही. न विचारणे यात मात्र आहे. जमाखर्चाचे पुस्तक विकत आणून त्यांनी तो विषय शिकून घेतला आणि गुजराती कागदपत्रे ओळीन् ओळ वाचून काढली. वस्तुस्थिती दादा अब्दुल्लांच्या बाजूची आहे, याविषयी त्यांची खात्री झाली.

परंतु त्यांना आणखीही एक गोष्ट दिसली. खटला लांबला, तर वकिलांच्या खर्चातच दोन्ही नातलग बुडून जातील. म्हणून गांधीजींनी दोन्ही पक्षांना लवाद नेमण्यास राजी केले. लवादाने दादा अब्दुल्लांच्या बाजूने सदतीस हजार पौंडांचा व खर्चाचा निवाडा दिला. एवढी रक्कम एकदम भरावी लागती, तर तय्यब शेठांचे दिवाळे निघाले असते. तेव्हा हप्ते लांब मुदतीचे ठेवण्याविषयी गांधीजींनी अब्दुल्ला शेठांचे मन वळवले. दोघांचीही अब्रू राहिली. दुभंगलेली मने सांधणे हाच वकिलीचा खरा धर्म, हा धडा त्यांनी या पहिल्या मोठ्या कामातून घेतला.

वर्ष संपले, परंतु हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक नाताळात आलेले पाहून, व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून ते तेथेच राहिले. सार्वजनिक कामाचा मोबदला घेण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापली वकिलीची कामे त्यांच्याकडे सोपवून त्यांच्या चरितार्थाची सोय केली. वकील मंडळाचा विरोध असतानाही सप्टेंबर १८९४ मध्ये नाताळच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सनद दिली.

यानंतर काही महिन्यांनी एक मजूर त्यांच्या कचेरीत आला. त्याचे कपडे फाटलेले होते, समोरचे दोन दात पडले होते आणि तोंडातून रक्त वाहत होते. डोक्याचे मुंडासे त्याने हातात धरले होते. कारण गोऱ्या माणसापुढे जाताना ते उतरवण्याची सक्ती गिरमिटियांवर असे. त्याचे नाव बालसुंदरम्. पाच वर्षांच्या कराराने बांधलेल्या या मजुराला त्याच्या धन्याने बेदम मारले होते. तो तमिळ बोलत होता आणि गांधीजींना तमिळ येत नव्हते. परंतु त्यांचा कारकून तमिळभाषी होता. त्याच्या मुखाने बालसुंदरमची सारी कहाणी त्यांना समजली.

गांधीजींनी प्रथम त्याला मुंडासे पुन्हा बांधावयास सांगितले. तो संकोचला, पण बांधताना त्याच्या मुद्रेवर समाधान उमटले. मग त्याला डॉक्टराकडे नेऊन जखमांचा दाखला घेतला व न्यायाधीशापुढे फिर्याद नेली. धन्याला शिक्षा व्हावी, अशी गांधीजींची इच्छा नव्हती. बालसुंदरमची सुटका व्हावी, एवढेच त्यांना हवे होते. कारण करार मोडून पळणाऱ्या गिरमिटियाला कायद्याने तुरुंग होता. त्यांनी दुसरा मालक शोधला आणि करार त्याच्या नावे करवून घेतला. ही वार्ता मजुरांच्या वस्तीवस्तीतून पसरली. आपलेही ऐकणारा कोणी आहे, असा धीर त्या मुक्या माणसांना आला. कारकुनाच्या आधारावर संतुष्ट न राहता गांधीजींनी पुढे बोटीवर आणि तुरुंगातही तमिळचा अभ्यास केला.

१९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले असता, जोहान्सबर्गचे कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू त्यांचे मराठी भाषण ऐकण्यास उत्सुक होते. गांधीजींनी गोखल्यांना मराठीतच बोलण्याची विनंती केली आणि त्या भाषणाचा हिंदुस्थानीत अनुवाद स्वतः करून सांगितला.

जुलै १९१४ मध्ये गांधीजींनी त्या देशाचा निरोप घेतला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु मुलांनो, त्याचा आरंभ एका साध्या गरजेतून झाला, हे ध्यानात ठेवा. परक्या मुलखात एका व्यापाऱ्याला आपल्या भाषेचा वकील हवा होता. तो वकील आला आणि ज्यांची भाषा त्याला येत नव्हती, त्यांचेही दुःख समजून घेण्यास शिकला.