विश्लेषण : फ्रॉइड यांची ‘योफी’ आजच्या नियमांत बसली असती?

दवाखान्यात कुत्रा चालतो का, या वादात सिग्मंड फ्रॉइड यांचे नाव हमखास निघते. व्हिएन्नातील त्यांच्या उपचार-खोलीत १९३०च्या दशकात योफी नावाची चाऊ-चाऊ कुत्री रुग्णांच्या कोचाजवळ पडून असे.

फ्रॉइड श्वानप्रेमी कधी झाले?

मनोविश्लेषणाचे हे जनक १८५६ मध्ये जन्मले. कुत्र्यांचा लळा मात्र त्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर लागला. १९२३ मध्ये जबड्याचा कर्करोग निघाला. पुढे तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, बोलणेही त्रासाचे झाले. १९२५ मध्ये मुलगी ॲनाच्या सोबतीला वुल्फ हा अल्सेशियन आला. नंतर फ्रॉइड यांनी स्वतःसाठी चाऊ पाळले. त्यातली लाडकी योफी.

योफीचे काम काय होते?

ठरलेली वेळ संपली की ती उठे, त्यामुळे घड्याळ पाहावे लागत नसे, असे घरचे सांगत. सगळ्याच रुग्णांना हे रुचले नाही. कवयित्री हिल्डा डूलिटल यांना डॉक्टरांचे लक्ष आपल्यापेक्षा कुत्रीकडेच जास्त आहे असे वाटले. ‘थेरपी डॉग’ची सुरुवात म्हणून योफीचा दाखला दिला जातो, पण ती होती डॉक्टरांच्या सोबतीला. १९३७ मध्ये ती गेली.

आजचा नियम काय?

अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्यानुसार अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्राच ‘सेवा प्राणी’ ठरतो. नुसता मानसिक आधार पुरेसा नाही. सेवा कुत्र्याला तपासणीच्या खोलीत सहसा अडवता येत नाही, शस्त्रक्रियागृहात किंवा भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात मात्र अडवता येते. योफी या व्याख्येत बसत नाही. डॉक्टरांच्या मर्जीने आत आलेली पाळीव कुत्री, एवढेच. ॲलर्जी असलेल्या किंवा घाबरणाऱ्या रुग्णाने तेव्हा कोणाकडे दाद मागायची?

नियमाची झळ फ्रॉइड यांनाही बसली का?

बसली. जून १९३८ मध्ये नाझींपासून निसटून ते लंडनला पोहोचले. रेबीजच्या भीतीने ब्रिटनमध्ये तेव्हा परदेशी कुत्र्यांना सहा महिने वेगळे ठेवत. त्यांच्या ल्यून या चाऊलाही सूट नव्हती. ८२ वर्षांचे आजारी फ्रॉइड तिला भेटायला जात. मुदत संपून ती घरी आली. पण १९३९ मध्ये जबड्याची जखम इतकी चिघळली, की त्या दुर्गंधीने ल्यून त्यांच्याजवळ येईना, खोलीच्या कोपऱ्यातच बसून राही. २३ सप्टेंबरला फ्रॉइड यांचे निधन झाले.