कर्जदार आणि मुसाफिर

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मुस्लिम घरांत रात्री तरावीहनंतर वही-पेन घेऊन जकातीचा हिशेब मांडला जातो. हिंगणीसारख्या गावात हा हिशेब छोटा असतो. थोडं सोनं, दुकानातला माल, बँकेत पडून असलेली रक्कम. त्यातून देणं वजा करायचं आणि वर्षभर शिल्लक राहिलेल्यावर अडीच टक्के काढायचे. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे, त्या जकातीशी या जकातीचा संबंध फक्त नावाचा. तिथे पावती फाडली जाई. इथे डाव्या हाताला कळू न देता द्यावं, अशी अपेक्षा असते.

जकात कुणाला द्यायची, याचे आठ हक्कदार कुरआनने सांगितले आहेत. गरीब आणि निराधार हे तर आलेच, पण त्यांच्या रांगेत आणखी दोघे आहेत, ज्यांची आठवण लवकर होत नाही. एक कर्जात अडकलेला आणि दुसरा घरापासून दूर असलेला मुसाफिर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस चीनला निघाले तेव्हा घर कर्जात होतं आणि ते स्वतः मुसाफिर होत होते. धर्माने ते हिंदू, पण या दोन्ही रांगांत उभे राहू शकतील असे. तरीही ते घेणाऱ्यांत नव्हते, देणाऱ्यांत होते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. दोन भाऊ, पाच बहिणी. वडील गिरणीत नोकरीला. अशा घरातल्या मुलाने मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकायचं म्हणजे काय, हे गिरणीगावातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. वडिलांनी कर्ज काढून मुलाला डॉक्टर केलं. मुलगा दवाखाना थाटेल आणि घराचं देणं फिटेल, हा साधा हिशेब. त्यात चूक काहीच नव्हतं.

सोलापूरचं पाणी मात्र वेगळं होतं. १९३० साली या शहराने इंग्रजांचा लष्करी कायदा भोगला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे एकत्र फासावर गेले होते. चार नावं, चार वेगवेगळी घरं. कोटणिसांच्या पिढीच्या सोलापूरकरांना हे पुस्तकात वाचावं लागलं नाही.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनेत जखमींचे ढीग लागले आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. भारत स्वतः गुलाम, हाती सरकार नाही, खजिना नाही. मग पैसा आणायचा कुठून? ३० जून १९३८ रोजी सुभाषबाबूंनी वर्तमानपत्रांतून देशाला आवाहन केलं. ७ ते ९ जुलै हे दिवस चीनसाठी निधी गोळा करण्याचे ठरले. त्यातून बावीस हजार रुपये जमले.

बावीस हजार ही रक्कम आज वाचताना किरकोळ वाटते. पण ती देणारा देश पारतंत्र्यात होता आणि ती एका अशा देशासाठी होती जो बहुतेकांनी नकाशातही नीट पाहिला नव्हता. त्यातून एक रुग्णवाहिका, औषधं आणि डॉक्टरांच्या पथकाचा प्रवास उभा राहिला. देणगी मागायला जाणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे आपल्या घरचे गरीब संपले का. रमजानमध्ये दूरच्या कुणासाठी मदत मागणाऱ्यालाही हाच प्रश्न ऐकावा लागतो. प्रश्न चुकीचा नाही. जवळच्याचा हक्क आधी, असं इस्लामही सांगतो. पण जवळच्याला देऊन झाल्यावर हात मिटून घ्यावा, असं तो सांगत नाही.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू, आणि कोटणीस. बसूंच्या जागी आधी डॉ. रणेन सेन यांची निवड झाली होती, पण इंग्रज सरकारने त्यांना पासपोर्टच दिला नाही. चोळकर वयाने पथकातले सगळ्यात ज्येष्ठ. ज्या वयात लोक मुलांच्या घरी विसावतात, त्या वयात हा माणूस बोटीत चढला. विदर्भात त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, ही खंत नोंदवायलाच हवी.

कोटणीस तेव्हा पदवीनंतरच्या परीक्षेची तयारी करत होते. चीनला जायचं म्हणून त्यांनी घरी विचारलं. आई हळवी झाली. वडिलांनी मात्र अडवलं नाही. बावीस हजारांच्या यादीत शांताराम कोटणिसांच्या नावापुढे रक्कम नसेलही, पण ज्या मुलाच्या कमाईवर कर्ज फेडायचं होतं तोच मुलगा त्यांनी दिला. हे देणं कोणत्या खात्यात लिहायचं?

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोट मुंबईहून निघाली. कँटनला सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी पथकाचं स्वागत केलं. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला, आणि भारतात रोजे सुरू होत असतानाच तिकडे वुहान जपान्यांच्या हाती पडलं. पथक मागे सरकत चुंगकिंगला पोहोचलं. तिथे पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली, प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'को तिहुआ'. तिथेच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. घरी कर्ज, आई, भावंडं. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते इतरांबरोबर येनानला पोहोचले.

हा निर्णय बरोबर होता का? सोलापुरातल्या त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून पाहिलं तर उत्तर सोपं नाही. त्यांच्या थोरवीच्या गोष्टी सांगताना आपण हा उंबरा चटकन ओलांडून जातो. जकातीच्या हिशेबात आधी देणं वजा करतात, कोटणिसांनी मात्र ते वजा न करताच दिलं.

पथकाची मुदत एक वर्षाची होती. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, पुढच्या वर्षी अटलही. कोटणीस आणि बसू आघाडीकडे गेले. १९४० च्या लढाईत तेरा दिवसांत कोटणिसांनी आठशेवर जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग बहात्तर तास ते झोपेशिवाय शस्त्रक्रिया करत राहिले. त्याच हेबेई प्रांतात मा बेनझाई यांच्या नेतृत्वाखाली चिनी मुसलमानांची एक तुकडीही जपान्यांशी झुंजत होती. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून जखमींवर शस्त्रक्रिया करताना झालेल्या संसर्गाने १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये सोलापूरच्या या तरुणाकडे आलं. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवू लागले.

तिथल्याच परिचारिका प्रशिक्षिका कुओ छिंग-लान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. बापाला हे नाव साडेतीन महिनेच हाक मारता आली. अपस्माराचे झटके वाढत होते, विश्रांती ते घेत नव्हते आणि शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. पुस्तक अर्धंच राहिलं.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. पानिपतच्या मुसलमान लेखकाने लिहिलेली सोलापूरच्या डॉक्टरची गोष्ट कोल्हापूरच्या दिग्दर्शकाने पडद्यावर आणली आणि देशभर पोहोचली. कोटणिसांची समाधी आज चीनमधल्या शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा उद्यानात आहे. छिंगमिंगच्या दिवसांत, जेव्हा चिनी लोक आपल्या पूर्वजांच्या कबरींवर जातात, तेव्हा तिथेही फुलं पडतात.

यिनहुआने बापासारखंच वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती. तो १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच गेला. कुओ छिंग-लान २०१२ पर्यंत हयात होत्या. त्या अनेकदा भारतात आल्या आणि कोटणीस कुटुंबाला भेटून गेल्या.