फ्लॉरेन्स नाइटिंगेल : हातात दिवा आणि वही



'दिवा घेतलेली बाई' म्हटलं की आपल्या मुलांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं चित्र लगेच आठवतं. रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या रांगा आणि मधून हळूच चालणाऱ्या त्या. चित्र खोटं नाही. पण त्या चित्रात त्यांचं निम्मंसुद्धा काम दिसत नाही. उरलेलं काम मुलांना सांगायला हवं, म्हणून हा लेख.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील श्रीमंत इंग्रज. त्या वेळी ते युरोपात फिरत होते, म्हणून मुलीला गावाचंच नाव दिलं. (थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी!) वडिलांनी दोघी मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला मात्र गणिताची फार ओढ. पालकांनो, मुलीला गणित कशाला, असं म्हणण्याचा तो काळ होता हे लक्षात घ्या.

परिचारिका व्हायचं ठरवल्यावर घरात वादळच उठलं. त्या काळी दवाखान्यातलं काम चांगल्या घरातल्या बाईचं समजलं जात नसे. कित्येक वर्षं त्या घरच्यांशी झगडत राहिल्या. प्रवासाला गेल्या की तिथले दवाखाने बघायच्या, त्यांचे अहवाल मिळवून वाचायच्या. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथे तीन महिने शिकायला मिळालं. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाचा कारभार त्यांच्या हाती आला. तिथे त्यांनी काय मागितलं माहीत आहे? गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावं, जेवण वर नेण्यासाठी लिफ्ट असावी, रुग्णाने वाजवलेली घंटा परिचारिकेला ऐकू यावी. जिने चढण्या-उतरण्यात परिचारिकेचा वेळ गेला तर ती रुग्णाजवळ बसणार कधी, हा साधा विचार.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन त्या तुर्कस्तानात, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथल्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. मोठी बराक, पण खाली तुंबलेली गटारं, उंदीर, उवा, अंथरुणाची टंचाई. बाईंनी स्वयंपाकघर नीट लावलं. एक घर भाड्याने घेऊन कपडे धुण्यासाठी बॉयलर बसवले आणि सैनिकांच्या बायकांना त्या कामाला लावलं. सामान किती आलं, किती गेलं, सगळं वहीत.

आता इथे जरा थांबू या. आपण वर्गात सांगतो की त्या आल्या आणि मृत्यू कमी झाले. खरं तर त्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णालयात शंभरामागे सुमारे ४२ जण दगावत होते, आणि तेही बहुतेक जखमांनी नव्हे, तर पटकी, हगवण, टायफस अशा रोगांनी. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. गटारं उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरामागे दोनवर आलं.

१८५६ मध्ये परत आल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी हे आकडे तपासले. आधी त्यांना वाटत होतं की अपुरं अन्न आणि उशिरा पोहोचलेले रुग्ण हेच मुख्य कारण. आकड्यांनी दाखवलं की इमारतच माणसं मारत होती. मला त्या सगळ्यात मोठ्या वाटतात त्या इथे. आपल्याच रुग्णालयाचे वाईट आकडे त्यांनी झाकले नाहीत, सरकारपुढे मांडले. मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा येईल म्हणून १८५८ मध्ये एक गोल आलेख काढला. एकेका महिन्याची एकेक पाकळी. टाळता येणाऱ्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, इतर काळे. निळा रंग इतका पसरलेला की समजावून सांगायची गरजच नाही. वृत्तालेख शिकवताना हा आलेख फळ्यावर जरूर काढा. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या.

पुढची कित्येक वर्षं आजारपणामुळे त्या बहुतेक खोलीतच होत्या, पण काम थांबलं नाही. रुग्णालय कसं बांधावं यावर पुस्तक लिहिलं. पॅरिसच्या लारिब्वाझिएर रुग्णालयासारखे सुटे सुटे कक्ष, दोन्ही बाजूंना खिडक्या, मोकळी हवा, हा आराखडा त्यांनी उचलून धरला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांची सूचना आली: सगळ्या रुग्णालयांनी रोग आणि मृत्यूंची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी. नाहीतर एका शहराची दुसऱ्याशी तुलना करणार कशी?

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या सैन्याच्या आणि पुढे खेड्यांच्या आरोग्यावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला होता, तो घरच्यांनी नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातल्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. तिच्यावर पूर्ण नावसुद्धा नाही, फक्त आद्याक्षरं आणि दोन तारखा.