यात्रेकरूंच्या वाटेवरचा जागता पहारा

– प्रतिनिधी

हृषीकेशहून सकाळी निघालेली मोटार आज दिवस मावळण्याआधी रुद्रप्रयागला पोहोचते. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रवास पायी होत असे. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले भाविक देवप्रयाग, श्रीनगर अशा मजला मारत अलकनंदेच्या काठाने वर चढत. रुद्रप्रयागला वाट फुटे. एक मंदाकिनीच्या काठाने केदारनाथला, तर दुसरी अलकनंदेच्या काठाने बदरीनाथला जाई. दरड, थंडी आणि पटकी ही संकटे यात्रेकरूंनी गृहीतच धरलेली असत. मात्र १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत त्यांत आणखी एका संकटाची भर पडली. अंधार पडला की या वाटेवर एक नरभक्षक बिबट्या फिरू लागे. सरकारी नोंदीनुसार त्याने १२५ माणसांचे बळी घेतले. या संकटातून यात्रामार्ग मुक्त करणारा माणूस म्हणजे जिम कॉर्बेट.

पोस्टमास्तरांचा मुलगा

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा या कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीच्या जंगलानेच या मुलाला खरे शिक्षण दिले. पक्ष्यांचे आवाज, चितळ-वानरांचे इशारे, ओल्या मातीत उमटलेला माग हे सारे तो अक्षरओळखीसारखे शिकला.

शिक्षण अर्धवट टाकून कॉर्बेट रेल्वेच्या नोकरीत शिरले. पुढे गंगाकाठच्या मोकामेह घाटावर एका रेल्वेच्या डब्यांतील माल दुसरीच्या डब्यांत चढवण्याचे कंत्राट त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले. सुटी मिळाली की ते कुमाऊँत परतत. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिच्या नावावर ४३६ बळी होते. या कामगिरीसाठी त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. वाघिणीवर लावलेले इनाम रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. पैशासाठी बंदूक हाती घेणाऱ्यांत आपली गणना होऊ नये, हा त्यांचा कटाक्ष होता. १९१० मध्ये त्यांनी पनारचा बिबट्या मारला. त्याच्या नावावर ४०० बळी सांगितले जात.

संचारबंदीची आठ वर्षे

रुद्रप्रयागच्या बिबट्याचा पहिला बळी ९ जून १९१८ रोजी बेंजी गावात पडला. त्यानंतर सुमारे ५०० चौरस मैलांच्या टापूत सूर्यास्तानंतर कोणी घराबाहेर पडेनासे झाले. गावे दिवसा नेहमीसारखी गजबजलेली असत आणि संध्याकाळ होताच चिडीचूप होत. स्थानिक माणसाच्या घराला निदान दार होते. यात्रेकरूंचा मुक्काम मात्र वाटेवरच्या गवताने शाकारलेल्या चट्ट्यांत असे आणि अनेक चट्ट्यांना दारच नसे. दमलेली माणसे एकमेकांना बिलगून रात्र काढत.

सरकार स्वस्थ बसले नव्हते. इनाम जाहीर झाले, बंदुकांचे खास परवाने वाटले गेले, सापळे लावले गेले, मृतदेहांत विष घालून पाहिले. बिबट्या प्रत्येक वेळी वाचला. १९२१ मध्ये दोन तरुण अधिकाऱ्यांनी रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलावर दोन महिने पाळत ठेवली आणि एका रात्री पूल ओलांडणाऱ्या बिबट्यावर गोळ्या झाडल्या. रक्त सांडलेले दिसले, पण जनावर निसटले. पुढे एकदा तो गुहेत कोंडला गेला होता. मात्र आत काही नाही अशा खात्रीने एका प्रतिष्ठिताने तोंडाशी लावलेले काटेरी झुडूप दूर केले आणि जमलेल्या गर्दीतून तो पळाला. हे जनावर नसून पिशाच्च आहे, अशी लोकांची खात्री पटत गेली. संशयाची सुई साधूंवरही वळली. या बिबट्याची बातमी परदेशी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्यावर प्रश्न विचारला गेला.

अपयशाचे दिवस

कॉर्बेट १९२५ च्या शरद ऋतूत रुद्रप्रयागला आले तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी गाठली होती. नकाशावर बळींच्या जागा मांडून पाहता, बिबट्या अलकनंदा ओलांडण्यासाठी झुलत्या पुलांचाच वापर करतो असा तर्क त्यांनी बांधला. एक पूल काटेरी झुडपांनी बंद करून दुसऱ्याच्या बुरुजावर त्यांनी सलग वीस रात्री काढल्या. गार वारा हाडे गोठवत होता आणि वर आडोसा नव्हता. बिबट्या आला नाही.

त्यानंतरचे महिने अपयशाचेच होते. गढवालचे डेप्युटी कमिशनर इबॉट्सन त्यांच्या सोबतीला असत. पोलादी सापळ्यात एकदा बिबट्या सापडला, कॉर्बेट यांनी गोळी घालून त्याला संपवले, पण तो भलताच निघाला. माणसे मरतच होती. आपण येथे असताना पडलेला प्रत्येक बळी कॉर्बेट यांच्या मनाला लागे आणि तो सल त्यांनी पुढे लिहिताना लपवला नाही. १४ एप्रिल १९२६ रोजी भैंसवाडा गावात पडलेला बळी शेवटचा ठरला.

अखेरीस त्यांनी रुद्रप्रयागजवळच्या गुलाबराय चट्टीसमोरचे आंब्याचे झाड निवडले. बिबट्या या वाटेने ठरावीक दिवसांच्या अंतराने जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. चट्टी चालवणाऱ्या पंडिताच्या गळ्यावर १९२१ मधील हल्ल्याचे व्रण होते. वाटेवर गळ्यात घंटा बांधलेली बकरी ठेवून कॉर्बेट दहा रात्री झाडावर बसले. काहीच घडले नाही. आफ्रिकेतील कामासाठी लांबणीवर टाकलेला प्रवास आता टाळता येण्याजोगा नव्हता. अकराव्या दिवशी, २ मे रोजी, सुमारे १५० यात्रेकरू चट्टीत उतरले. त्या रात्री काळोखात घंटा वाजली. कॉर्बेट यांनी बंदुकीला जोडलेली विजेरी लावली, क्षणभर दिसलेल्या जनावरावर गोळी झाडली आणि विजेरी विझली. नेम लागला की नाही, हे पाहण्यासाठी पहाटेपर्यंत थांबणे भाग होते.

उजाडल्यावर उतारावर एक म्हातारा नर बिबट्या मरून पडलेला दिसला. दात झिजलेले होते आणि मागच्या पायाचे एक बोट नव्हते. पुलावरच्या त्या रात्रीची ती खूण होती. त्याला पाहायला हजारो लोक आले आणि त्यांनी कॉर्बेट यांच्या पायांशी फुले वाहिली.

दोष कोणाचा?

याच ठिकाणी कॉर्बेट इतर शिकाऱ्यांहून वेगळे ठरतात. मेलेल्या जनावराकडे पाहताना त्यांना पिशाच्च दिसले नाही आणि सैतानही दिसला नाही. वाघ बहुधा जखमेमुळे वा वार्धक्यामुळे माणसाकडे वळतो, असे त्यांनी नोंदवले. बिबट्याबाबत त्यांचे निदान निराळे होते. मानमोडीच्या साथीत माणसे इतकी दगावली की रीतसर दहन अशक्य झाले. मृताच्या तोंडात निखारा ठेवून देह दरीत ढकलला जाई. अशा देहांमुळे बिबट्याला माणसाच्या मांसाची सवय लागली. साथ ओसरली, सवय राहिली. या संकटाची मुळे माणसांच्या विपत्तीतच होती.

वन्य प्राण्यांविषयीचा हाच न्याय त्यांना संरक्षणाच्या कामाकडे घेऊन गेला. बंदुकीची जागा हळूहळू कॅमेऱ्याने घेतली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली नॅशनल पार्क या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी परिश्रम घेतले. कुमाऊँच्या नरभक्षकांवरील त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीतून निघाले आणि जगभर पोहोचले. १९४७ मध्ये ते बहीण मॅगीसह केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला.

जुन्नरच्या उसात आज बिबट्या दिसला की गावात भीती पसरते आणि संताप उसळतो. त्या भीतीला कारण आहे, हे कॉर्बेट यांनी कधी नाकारले नसते. मात्र जनावर या वाटेला का आले, हा प्रश्नही त्यांनी त्याच वेळी विचारला असता.

१९४२ मध्ये मीरतला जखमी सैनिकांच्या एका समारंभात युद्धातून अपंग होऊन परतलेला एक गढवाली तरुण त्यांना भेटला. रुद्रप्रयागचा बिबट्या मेला तेव्हा तो लहान होता. वडील तो बिबट्या पाहून आले होते, त्याला जाता आले नव्हते. आपल्या शौर्याच्या कथा सांगण्याची त्याला हौस नव्हती. त्या माणसाला आपणही डोळ्यांनी पाहिले, एवढेच घरी जाऊन वडिलांना सांगण्याची त्याला ओढ होती.