अडीचशे सोडून पन्नास

गेल्या महिन्यात माझ्या भाचीकडे एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक बंगलोरची, भरघोस पगाराची. पण रात्री नऊच्या आत घरी यायचे नाव नाही आणि पुष्कळदा रविवारही हातचा जाणार. दुसरी पुण्यातली, पगार जेमतेम निम्मा. पण संध्याकाळ आपली आणि काम तिच्या मनासारखे. घरात अर्थातच दोन तट पडले. मामा म्हणून माझे मत विचारले गेले, तेव्हा मला एकदम धर्मानंद कोसंबी आठवले. नोकरी निवडताना इतका उलटा हिशोब मांडणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

कोसंबींचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. शाळा अशी फारशी झालीच नाही. तरुणपण माडांच्या बागेची राखण करण्यात चालले होते. अशात ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातला बुद्धचरित्रावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि या तरुणाला दुसरे काही सुचेनासे झाले. बुद्धाचा धर्म मुळापासून शिकायचा, हा ध्यास घेऊन १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्याला थोडे संस्कृत, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून शास्त्रीबोवांपाशी अध्ययन. पुढे नेपाळ, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात श्रामणेर दीक्षा आणि पाली ग्रंथांचा अभ्यास, नंतर ब्रह्मदेश. जवळ पैसा नाही, ओळखपाळख नाही. जिथे विद्या मिळेल तिथे हा माणूस जात राहिला.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले, तेव्हा त्यांच्या पाली विद्वत्तेला प्रथमच बाजारभाव आला. आशुतोष मुखर्जी तेव्हा कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. या मराठी पंडिताला त्यांनी विद्यापीठात पाली शिकवायला बोलावले. आता सगळे मार्गी लागले, असे कोणालाही वाटले असते. पण कोसंबींच्या मनात वेगळेच होते. बुद्धाविषयी जे आपण वणवण करून मिळवले, ते आपल्या माणसांपर्यंत मराठीतून पोहोचले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती; आणि कलकत्त्यात राहून ते साधणार नव्हते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मार्ग काढून दिला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहावे, दरमहा पन्नास रुपये मिळतील, तीन वर्षे ही सोय राहील. बदल्यात वर्षाकाठी एक पुस्तक संस्थानासाठी लिहावे. हे कळताच कलकत्त्याने त्यांना ठेवून घेण्यासाठी अडीचशे रुपयांपर्यंत तयारी दाखवली. म्हणजे पाचपट! कोसंबींनी नकार दिला आणि १९०८ मध्ये ते पुण्याला आले.

ही पन्नास रुपयांची शेती पुढे पिकली. बडोद्याच्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. डॉ. भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे काम करून आल्यावर १९१२ पासून सहा वर्षे कोसंबींनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी त्या वर्गांतून तयार झाले. अडीचशे रुपये घेऊन ते कलकत्त्यातच राहिले असते, तर महाराष्ट्रातला पालीचा अभ्यास बराच मागे पडला असता, असे मला वाटते.

एवढे सांगून मी भाचीकडे विजयी मुद्रेने पाहिले. तिने शांतपणे विचारले, की मामा, त्यांचे लग्न झाले होते का?

झाले होते. पत्नीचे नाव बाळाबाई. १८९९ मध्ये कोसंबींनी घर सोडले, तेव्हा पदरी तान्ही मुलगी होती. बाळाबाईंनी सुमारे सात वर्षे वाट पाहिली. १९०७ मध्ये मुलगा झाला, तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून गाजलेला दामोदर. म्हणजे अडीचशे नाकारून पन्नास घेतले, तेव्हा घरात दोन मुले होती. १९१८ मध्ये कोसंबी पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा माणिक आणि दामोदर ही मुले बरोबर गेली; बाळाबाई मागेच राहिल्या. आयुष्यभर कामासाठी कोसंबी सारखे बाहेरच असत. जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला, तोही सेवाग्रामला.

मी गप्प झालो. इतकी वर्षे ही गोष्ट मी त्यागाची म्हणून सांगत आलो. त्यागात बाळाबाईंचा वाटा केवढा, हे मोजलेच नव्हते. वेळ हवा म्हणून पगार सोडणे आपण थोर मानतो. पण तो वेळ कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. कोसंबींनी पैसे सोडून मिळवलेला वेळ विद्येला दिला, घराला नव्हे. विद्येचे त्याने भले झाले, यात शंका नाही. तरी सोडलेल्या रुपयांची तूट एकट्याने भरून निघत नाही. घरातले कोणीतरी ती मुकाट्याने भरत असते.

भाचीचे वडील नुकतेच निवृत्त झाले आहेत, घराचे हप्ते अजून सहा वर्षे आहेत. तिला पुण्याचीच नोकरी हवी आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण तिने त्या रात्री आईला स्वयंपाकघरातून हाक मारून शेजारी बसवले, कागद घेतला आणि दोघींनी मिळून महिन्याचा खर्च लिहायला घेतला. कोसंबींची गोष्ट मी यापुढेही सांगेन. फक्त आता बाळाबाईंपासून सुरुवात करीन.