परळची लॅब, आजारी माकड आणि मार्माइट: गरोदर बायकांचे प्राण वाचवणाऱ्या डॉ. लुसी विल्स

गोष्ट आहे १९२८ सालची. मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप गाजत होता. त्याच वर्षी चाळिशीतल्या एक इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागल्या. शहरातल्या गरीब बायका, त्यात गिरणीत राबणाऱ्याही, गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या. अंगात रक्त उरत नव्हतं, अनेकींचा जीव जात होता. का, ते शोधायचं होतं.

या डॉक्टर म्हणजे लुसी विल्स.

जन्म १० मे १८८८, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजमध्ये त्या बॉटनी आणि जिऑलॉजी शिकल्या. परीक्षा पास झाल्या, पण बायकांना पदवी द्यायची नाही असा तिथला तेव्हाचा नियम. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत नर्सिंग केलं, मग लंडनला परतून मेडिकल केलं आणि १९२० मध्ये, बत्तिशीत, डॉक्टर झाल्या.

मुंबईत त्यांनी आधी जंतूंवर संशय घेतला. हाती काही लागलं नाही. मग बायकांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. भाज्या, फळं जवळपास नाहीतच. तसाच आहार उंदरांना दिला, तेही आजारी पडले. पण पुढे कळलं की उंदरांच्या आजारामागे उवांमधून पसरणारा जंतूही होता! म्हणजे उंदरांवर भरवसा ठेवता येईना. मग माकडं आली. त्यातल्या एका मरणासन्न माकडाला मार्माइट दिलं आणि ते चक्क बरं झालं.

मार्माइट म्हणजे इंग्रज ब्रेडला लावून खातात ते काळं, खारट चाटण. बिअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून बनतं आणि स्वस्त असतं. विल्स यांनी ते गरोदर रुग्णांना दिलं, आणि त्यांचं रक्त वाढू लागलं. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे मांडलं. त्यात नेमकं काय आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नाव पडलं ‘विल्स फॅक्टर’.

ते होतं फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकापासून फॉलिक ॲसिड वेगळं केलं गेलं. १९४५ मध्ये आंध्रात जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली लॅबच्या टीमने ते कृत्रिमरीत्या बनवलं.

फोलेटपासून पेशीत एक कोएन्झाइम तयार होतं, म्हणजे एन्झाइमचा मदतनीस. हा मदतनीस कार्बनचा एकेक अणू उचलून नेऊन देतो आणि त्यातून डीएनएचे सुटे भाग बनतात. तो कमी पडला की रक्तपेशी वाढतात, पण त्यांची विभागणी अडकते. म्हणून या रुग्णांच्या रक्तात पेशी मोजक्या आणि आकाराने मोठ्या दिसायच्या. गरोदरपणात बाळाच्याही पेशी झपाट्याने वाढत असतात, त्यामुळे गरज जास्त.

आणि हीच अडवणूक मुद्दाम केली तर? कॅन्सरच्या पेशीही वेगाने विभागतात. लेडर्लीनेच फोलेटला रोखणारं ॲमिनोप्टेरिन बनवलं. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला होता. त्याचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही कॅन्सर आणि संधिवातावर दिलं जातं.

विल्स यांनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतरही आहार आणि ॲनिमियावर काम करायला त्या जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरत राहिल्या. १६ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या. गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मणक्यातले गंभीर दोष बरेचसे टळतात, हे मोठ्या चाचणीत सिद्ध झालं १९९१ मध्ये.